पोलीस ठाण्यातली नोंद आणि कोर्टातली नक्कल

गुन्ह्याची अधिकृत नोंद एका जागी नसते. ती पोलीस ठाण्यात सुरू होते, तपासाबरोबर वाढते, दोषारोपपत्राबरोबर न्यायालयात जाते आणि निकालानंतर न्यायालयाच्या अभिलेख कक्षात जमा होते. प्रत्येक टप्प्यावरचा कागद वेगळा, तो सांभाळणारे कार्यालय वेगळे आणि तो कोणाला द्यायचा याचा नियमही वेगळा. ‘क्रिमिनल रेकॉर्ड काढून द्या’ असा अर्ज घेऊन ठाण्यात गेलेला माणूस अनेकदा रिकाम्या हाताने परततो, कारण त्या नावाचा कोणताही कागद ठाण्यात नसतो. तिथे एफआयआर असते, पंचनामा असतो, अदखलपात्र गुन्ह्याची नोंद असते, प्रतिबंधक कारवाईचे रजिस्टर असते. यांतले नेमके काय हवे आहे हे ठरवले की निम्मे काम झालेले असते.

असा कागद लागतो तो बहुधा घाईच्या वेळी. नोकरीचे नेमणूकपत्र आलेले असते आणि चारित्र्य पडताळणी बाकी असते. परदेशाचा व्हिसा अडलेला असतो. अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी एफआयआर आणि घटनास्थळाचा पंचनामा जोडायचा असतो. जुन्या केसमधून निर्दोष सुटल्याचा पुरावा कोणी मागतो. अशा वेळी पहिला प्रश्न स्वतःलाच विचारावा लागतो: नोंद कोणाची हवी आहे? स्वतःची, आपण फिर्यादी किंवा आरोपी असलेल्या गुन्ह्याची, की भलत्याच माणसाची? पहिल्या दोन्हींसाठी कायद्याने वाटा बऱ्यापैकी मोकळ्या ठेवल्या आहेत. तिसरी वाट अरुंद आहे, आणि ती तशी असणे योग्यही आहे.

एफआयआरची प्रत

दखलपात्र गुन्ह्याची खबर पोलिसांनी लिहून घेतली की तिला गुन्हा रजिस्टर नंबर मिळतो. बोलण्यात त्याला ‘गु.र.नं.’ किंवा ‘सी.आर. नंबर’ म्हणतात. हा नंबर आणि त्यापुढचे वर्ष ही पुढच्या सगळ्या शोधाची किल्ली असते, कारण दरवर्षी क्रमांक एकपासून सुरू होतात. नुसता ‘112’ सांगून काही उपयोग नाही. कोणत्या ठाण्याचा आणि कोणत्या वर्षाचा, हे सांगावेच लागते.

1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या कलम 173 प्रमाणे एफआयआरची प्रत खबर देणाऱ्याला किंवा पीडित व्यक्तीला ताबडतोब आणि विनामूल्य मिळायला हवी. प्रतीसाठी पैसे मागण्याचा कोणाला अधिकार नाही. ऑनलाइन खबर दिली असेल तर तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन तिच्यावर सही करावी लागते, तेव्हाच ती रीतसर नोंदली जाते. ठाणे अंमलदाराने खबर नोंदवून घ्यायलाच नकार दिला, तर तीच खबर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवता येते.

आरोपीलाही एफआयआर मिळते. त्यासाठी दोषारोपपत्राची वाट पाहण्याची गरज नाही. ‘यूथ बार असोसिएशन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 7 सप्टेंबर 2016 रोजी दिलेल्या निकालात हे स्पष्ट केले. ज्याला आपले नाव एखाद्या एफआयआरमध्ये आहे अशी शंका आहे, तो स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत पोलिसांकडे अर्ज करून 24 तासांत प्रत मिळवू शकतो. न्यायालयाकडे अर्ज केला तर दोन कामाच्या दिवसांत प्रत मिळावी, असेही त्यात सांगितले आहे. याच निकालाने सर्व राज्यांना एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला. जिथे इंटरनेटची अडचण आहे तिथे ही मुदत 72 तासांपर्यंत वाढू शकते. लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद आणि तशाच संवेदनशील गुन्ह्यांच्या एफआयआर मात्र टाकल्या जात नाहीत. एखादी एफआयआर संवेदनशील आहे हे ठरवण्याचा अधिकार उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला नाही.

महाराष्ट्रात या एफआयआर राज्य पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर दिसतात. जिल्हा किंवा आयुक्तालय, पोलीस ठाणे आणि तारखांचा कालावधी निवडला की यादी उघडते. प्रत उघडल्यावर दिसतो तो ठराविक नमुना. वर जिल्हा, ठाणे, वर्ष आणि क्रमांक, त्याखाली अधिनियम आणि कलमे, मग घटना कधी घडली आणि ठाण्यात माहिती कधी मिळाली यांच्या दोन वेगळ्या वेळा, घटनास्थळाचे ठाण्यापासूनचे अंतर आणि दिशा, तक्रारदार, आरोपी, तक्रार उशिरा देण्याचे कारण, चोरीला गेलेल्या मालाचे वर्णन आणि शेवटी ‘प्रथम खबर हकीकत’. वाचताना बहुतेक लोक थेट हकिकतीकडे जातात. वकील मात्र आधी त्या दोन वेळा आणि उशिराचे कारण पाहतात, कारण खटल्यात वाद तिथेच उभा राहतो.

कलमांचे क्रमांक वाचताना एक खबरदारी घ्यावी लागते. गुन्हा 1 जुलै 2024 पूर्वी घडला असेल तर भारतीय दंड संहितेची कलमे दिसतील, त्यानंतर घडला असेल तर भारतीय न्याय संहितेची. सर्वांच्या तोंडी असलेले 420 आता 318 च्या पोटकलम 4 मध्ये आहे आणि खुनाचे 302 आता 103 झाले आहे. नव्या संहितेत 302 हा क्रमांक धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांच्या गुन्ह्याला मिळाला आहे. म्हणून जुना क्रमांक नव्या कागदावर दिसला तर घाबरण्याआधी कायद्याचे नाव वाचावे.

अदखलपात्र गुन्हा, म्हणजे बोलीतली ‘एनसी’, ही एफआयआर नव्हे. त्यात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. शेजाऱ्यांच्या भांडणात नोंदवलेली एनसी पुढे सरकत नाही आणि तरीही तिची नोंद ठाण्यात राहते. फिर्यादीने त्याच दिवशी तिची प्रत मागून घ्यावी.

तपासाचे कागद आणि ‘समरी’

तपास चालू असताना ठाण्यातून फारसे कागद मिळत नाहीत. साक्षीदारांचे जबाब, जप्तीचे पंचनामे, न्यायवैद्यक अहवाल हे सगळे दोषारोपपत्रासोबत न्यायालयात जाईपर्यंत पोलिसांच्या ताब्यात असते. तपासी अंमलदाराची रोजची डायरी तर आरोपीला मागताच येत नाही. खटला चालवताना न्यायालय ती पाहू शकते. नागरिक सुरक्षा संहितेने फिर्यादीच्या बाजूने एक चांगली गोष्ट केली आहे: तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांच्या आत खबर देणाऱ्याला किंवा पीडिताला कळवायचे आहे. ही तरतूद माहीत असलेला फिर्यादी लेखी विचारणा करू शकतो आणि त्याला उत्तर देणे पोलिसांना भाग आहे.

दोषारोपपत्र दाखल झाल्यावर आरोपीला त्याची आणि सोबतच्या कागदांची प्रत विनामूल्य मिळते. आरोपी न्यायालयात हजर झाल्यापासून चौदा दिवसांत ती द्यावी, असे त्याच संहितेचे कलम 230 सांगते. पीडिताच्या वतीने वकील उभा असेल तर त्यालाही ती मिळते. तिऱ्हाईत माणसाला मात्र दोषारोपपत्र मागता येत नाही. दोषारोपपत्रे एफआयआरप्रमाणे संकेतस्थळावर टाकावीत, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 20 जानेवारी 2023 रोजी फेटाळली. ती सार्वजनिक दस्तऐवज नाहीत आणि ती उघड केली तर आरोपी, पीडित आणि साक्षीदार यांच्या हक्कांना बाधा येईल, असे न्यायालयाने म्हटले.

प्रत्येक तपासाचा शेवट दोषारोपपत्रात होत नाही. महाराष्ट्रात अशा वेळी पोलीस ‘समरी’ पाठवतात आणि तिचे वर्ग जुन्या मुंबई पोलीस नियमपुस्तिकेतून चालत आले आहेत. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा घडला हे खरे, पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा मिळाला नाही. ‘ब’ समरी म्हणजे फिर्याद खोटी आणि दुष्ट हेतूने केलेली. ‘क’ समरी म्हणजे गैरसमजातून दिलेली फिर्याद किंवा मुळात दिवाणी स्वरूपाचा वाद. समरी मंजूर करणे किंवा न करणे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हाती असते आणि त्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे लागते. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने तसे बंधन घातले आहे. अनेक फिर्यादी ही नोटीस साधे समन्स समजून बाजूला ठेवतात आणि आपली केस कधी बंद झाली हे त्यांना वर्षभराने कळते. समरीचा अहवाल आणि त्यावरचा आदेश यांच्या नकला न्यायालयातून मिळतात. ज्याच्याविरुद्धचा गुन्हा ‘ब’ किंवा ‘क’ समरीत संपला, त्याने मंजुरीच्या आदेशाची प्रमाणित नक्कल घेतल्याशिवाय राहू नये. ठाण्याच्या रजिस्टरात एफआयआर कायम असते. ती पुढे कशी संपली हे सांगणारा कागद त्याच्याच हाती असायला हवा.

न्यायालयातील शोध

खटला न्यायालयात दाखल झाला की त्याला नवा क्रमांक मिळतो. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा नियमित फौजदारी खटला ‘आरसीसी’, संक्षिप्त खटला ‘एससीसी’, सत्र न्यायालयातील ‘सेशन केस’, आणि पोक्सो, अ‍ॅट्रॉसिटी किंवा लाचलुचपतीच्या केसला ‘स्पेशल केस’ म्हणतात. याशिवाय प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग न्यायालयाचा दोन अंकी संकेत, सहा अंकी क्रमांक आणि शेवटी वर्ष. पुण्यातील प्रकरणाचा क्रमांक ‘एमएचपीयू’ने सुरू होतो. हा क्रमांक हाताशी असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल अ‍ॅपवर पुढची तारीख, आतापर्यंतचा प्रवास, दोन्ही बाजूंचे वकील आणि अनेक प्रकरणांत आदेशाची प्रतही पाहता येते. गोव्यातील न्यायालये मुंबई उच्च न्यायालयाच्याच अखत्यारीत येतात आणि तिथला शोधही याच संकेतस्थळावर होतो.

सीएनआर माहीत नसला तरी मार्ग आहेत. पोलीस ठाणे, गु.र.नं. आणि वर्ष टाकून शोधता येते, आणि तो सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. पक्षकाराच्या नावानेही शोधता येते, पण त्यात फसगत होण्याची शक्यता मोठी. मराठी नावे रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिली जातात. वडिलांचे नाव कधी असते, कधी नसते. एकाच तालुक्यात एकाच नावाची पाच माणसे सापडतात. नुसते नाव जुळले म्हणून कोणाला आरोपी ठरवणे हा अन्याय आहे. पत्ता, वय, वडिलांचे नाव आणि ठाणे हे सगळे ताडून पाहिल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये. उलट बाजूने, शोधात काही आले नाही म्हणजे केस नाही, असेही नव्हे. संगणकीकरणापूर्वी निकाली निघालेली अनेक जुनी प्रकरणे तिथे नसतात. त्यांच्यासाठी न्यायालयाच्या अभिलेख कक्षातच जावे लागते.

संकेतस्थळावरून उतरवलेला आदेश फक्त माहितीपुरता असतो. नोकरी, पासपोर्ट, अपील अशा ठिकाणी प्रमाणित नक्कलच लागते.

नक्कल काढण्याची रीत

नक्कल विभाग प्रत्येक न्यायालयात असतो. तालुक्याच्या ठिकाणी कधी तो एका टेबलापुरता असतो, जिल्हा न्यायालयात स्वतंत्र खिडकी असते. अर्जात न्यायालयाचे नाव, खटल्याचा प्रकार, क्रमांक व वर्ष, पक्षकारांची नावे, निकाल लागला असल्यास त्याची तारीख आणि नेमके कोणते कागद हवेत हे लिहायचे असते. ‘केसचे सर्व कागद’ असे लिहिणे टाळावे. निकालपत्र, एफआयआर, वैद्यकीय प्रमाणपत्र, अमुक साक्षीदाराचा जबाब असे मोजून लिहिले तर काम लवकर होते आणि पैसेही कमी लागतात. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लागतो. नकलेचे शुल्क पानांच्या संख्येवर आणि नक्कल साधी हवी की तातडीची यावर ठरते. अर्ज देताना त्याचा नोंद क्रमांक लिहून घ्यावा. पुढच्या वेळी नक्कल तयार झाली का, हे त्याच क्रमांकावर विचारले जाते.

निकाली प्रकरण अभिलेख कक्षात गेले असेल तर आधी फाइल तिथून मागवावी लागते आणि वेळ त्यातच जातो. अपील झालेले असेल तर मूळ फाइल वरच्या न्यायालयात असते, तेव्हा चौकशी तिथे करावी लागते. फाइलमधले सगळे कागद सारख्याच काळासाठी जपले जात नाहीत. निकालपत्र दीर्घ काळ राहते, किरकोळ कागद ठराविक वर्षांनी नष्ट केले जातात. म्हणून जबाब किंवा पंचनामे हवे असतील तर ते वेळेतच काढून ठेवणे शहाणपणाचे.

तयार नकलेच्या शेवटच्या पानावर शिक्का असतो. अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली आणि कधी दिली, या तारखा त्यावर लिहिलेल्या असतात. वरवर ही कार्यालयीन बाब वाटते, पण तिच्यावर अपिलाचा हक्क अवलंबून असू शकतो. मुदत कायद्याच्या कलम 12 प्रमाणे नक्कल मिळवण्यात गेलेला आवश्यक काळ अपिलाच्या मुदतीतून वजा होतो, आणि तो मोजायचा याच तारखांवरून. नक्कल हातात घेतल्याबरोबर त्या तारखा तपासाव्यात. चूक असेल तर खिडकी सोडण्यापूर्वी दुरुस्त करून घ्यावी.

कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालपत्राची प्रत निकालानंतर लगेच आणि विनामूल्य द्यायची असते. निकालाचा किंवा आदेशाचा ज्याच्यावर परिणाम होतो अशी कोणतीही व्यक्ती शुल्क भरून नक्कल मागू शकते. खास कारण असेल तर न्यायालय ती विनामूल्यही देते. प्रकरणाशी संबंध नसलेल्या माणसाला नक्कल द्यायची की नाही, हे उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे ठरते. त्याला आपण कोण, नक्कल कशासाठी हवी, हे अर्जात आणि बहुधा शपथपत्रावर सांगावे लागते. त्यावर न्यायाधीश आदेश करतात. नागरिक सुरक्षा संहितेत निकालपत्र शक्यतो सात दिवसांत संकेतस्थळावर टाकण्याची तरतूद आहे. ती नीट अमलात आली तर नकलेसाठीच्या कित्येक फेऱ्या वाचतील.

ज्यांना हे सगळे पेलत नाही त्यांच्यासाठी तालुका विधी सेवा समिती आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. नकलेचा अर्ज लिहून देण्यासारखे छोटे काम घेऊनही तिथे जाता येते. लोक जात नाहीत, कारण त्यांना ते माहीत नसते.

ई-कोर्ट्सवर न दिसणाऱ्या नोंदी

पोलिसांच्या नोंदींत असे बरेच असते जे फौजदारी न्यायालयात कधी पोचत नाही. निवडणूक किंवा सणाच्या आधी शांतता राखण्याचे बंधपत्र घेण्यासाठी केलेली कारवाई, जिला बोलीत ‘चॅप्टर केस’ म्हणतात, ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे चालते. शहरांत ते अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडे असतात, ग्रामीण भागात महसूल अधिकाऱ्यांकडे. तडीपारीचा आदेश महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 55 ते 57 खाली पोलीस उपायुक्त किंवा उपविभागीय दंडाधिकारी काढतात. यांचे कागद हवे असतील तर अर्ज त्या-त्या कार्यालयातच करावा लागतो. चारित्र्य पडताळणीत अडकलेल्या अनेक तरुणांना आपल्या नावावर काय आहे हेच कळत नाही, कारण कोर्टात त्यांची एकही केस नसते. सापडते ती गावातल्या जुन्या वादातली चॅप्टर केस. ही कारवाई म्हणजे गुन्ह्यासाठी झालेली शिक्षा नव्हे. पडताळणी करणाऱ्या अधिकाऱ्याला हे आदेशाची प्रत दाखवून सांगता येते.

स्वतःविषयीचा दाखला

स्वतःच्या नावावर काही नाही हे दाखवणारे दोन वेगळे कागद आहेत आणि त्यांची अनेकदा गल्लत होते. एक पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला. तो देशातल्या नोकरीसाठी, खासगी कंपनीसाठी, सुरक्षारक्षकाच्या कामासाठी लागतो. अर्ज ऑनलाइन होतो, राहत्या पत्त्याच्या पोलीस ठाण्याकडे जातो. तिथे अभिलेख तपासले जातात, अर्जदाराला कागदपत्रांसह बोलावले जाते, गावात पोलीस पाटलांकडेही विचारणा होऊ शकते. मग आयुक्तालयाच्या किंवा जिल्ह्याच्या विशेष शाखेकडून दाखला निघतो. प्रतिकूल नोंद आढळली नाही, एवढेच तो सांगतो.

दुसरा, परदेशासाठीचा पोलीस क्लिअरन्स दाखला, म्हणजे पीसीसी. तो पासपोर्ट कार्यालय देते. परदेशात नोकरी, दीर्घ मुदतीचा व्हिसा, स्थायिक होण्याची परवानगी यासाठी तो लागतो. पर्यटनासाठी मिळत नाही. शुल्क 500 रुपये आहे. सप्टेंबर 2022 पासून टपाल कार्यालयांतील पासपोर्ट केंद्रांतही त्यासाठी वेळ घेता येते, त्यामुळे जिल्ह्याच्या गावातल्या माणसाची मुंबई-पुण्याची फेरी वाचते. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाने तेथील भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात अर्ज करावा. ज्या देशात आपण काही वर्षे राहिलो तिथला दाखला मात्र तिथूनच आणावा लागतो. अमेरिकेत तो एफबीआय देते, बोटांचे ठसे पाठवल्यावर. भारतीय पोलीस परदेशातल्या वास्तव्याविषयी काही लिहून देत नाहीत.

सरकारी नोकरीत तर स्वतः भरलेला साक्षांकन नमुना अधिक महत्त्वाचा. त्यात अटक, खटला, शिक्षा यांविषयी थेट प्रश्न असतात. ‘आपण तर निर्दोष सुटलो, मग कशाला लिहायचे’ असा विचार करून ‘नाही’ लिहिणारे उमेदवार नोकरी गमावतात, आणि ती जाते केसमुळे नव्हे, लपवाछपवीमुळे. 2016 च्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याबाबत सविस्तर मार्गदर्शन केले. माहिती खरी असली पाहिजे. पण तरुण वयातल्या किरकोळ प्रकरणाकडे नेमणूक करणाऱ्याने समंजसपणे पाहावे, असेही त्यात म्हटले आहे. प्रश्न जे विचारतो त्याचे पूर्ण उत्तर द्यावे आणि निकालपत्राची नक्कल सोबत जोडावी.

अठरा वर्षांखाली हातून घडलेल्या कृत्याचे वेगळे आहे. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 24 प्रमाणे त्यामुळे पुढच्या आयुष्यात कोणतीही अपात्रता येत नाही आणि ती नोंद नष्ट करायची असते. अपवाद आहे तो सोळा वर्षांवरील मुलाला अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून चालवलेल्या खटल्याचा.

माहिती अधिकार कुठवर

ठाण्याने तोंडी नकार दिला की लोक माहिती अधिकाराकडे वळतात. महाराष्ट्रात जोडपत्र ‘अ’ मध्ये अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तासांत. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे तीस दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे.

तपासात अडथळा येईल अशी माहिती कलम 8 खाली नाकारता येते. पण ‘तपास चालू आहे’ एवढे तीन शब्द पुरेसे नाहीत. माहिती दिल्याने तपासाला कसा अडथळा येईल हे अधिकाऱ्याने दाखवले पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्ये भगत सिंग प्रकरणात सांगितले, आणि अपिलात या मुद्द्यावर भर द्यावा. दुसऱ्याच्या वैयक्तिक माहितीचे दार मात्र 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आणखी आवळले आहे. आणि न्यायालयातल्या नकलांसाठी माहिती अधिकाराचा मार्ग चालत नाही. गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी सांगितले की, त्या नकला उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच घ्यायच्या.

शेजारी, भाडेकरू, होणारा जावई यांची नोंद पोलिसांनी काढून द्यावी अशी अपेक्षा असते. तसा कायदा नाही. भाडेकरूची माहिती घरमालक पोलिसांना देतो, पोलीस त्याच्याविषयीचा अहवाल मालकाला देत नाहीत. मालकाने किंवा नोकरी देणाऱ्याने समोरच्यालाच त्याचा स्वतःचा चारित्र्य दाखला आणायला सांगावे, हाच सरळ मार्ग. पैसे घेऊन कोणाचेही रेकॉर्ड आणून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. तो कागद एकतर बनावट असतो किंवा बेकायदा मिळवलेला. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे तर स्वतःच गुन्हा आहे, मग कागद कसाही हाती आलेला असो.

एका तिऱ्हाइताची नोंद मात्र प्रत्येक मतदाराला पाहता येते: उमेदवाराची. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या निकालापासून लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला शपथपत्रात आपल्यावरील फौजदारी प्रकरणे जाहीर करावी लागतात. त्यात एफआयआर क्रमांक, ठाणे, कलमे, न्यायालय, आरोप निश्चित झाले का, शिक्षा झाली का, हे सगळे असते आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहायला मिळते. पुढे न्यायालयाने उमेदवाराने आणि पक्षाने ही माहिती वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करण्याचे बंधनही घातले. शपथपत्रातला एफआयआर क्रमांक घेऊन ई-कोर्ट्सवर प्रकरणाची सद्यस्थिती कोणालाही ताडून पाहता येते. मतदानाआधी एवढे तरी प्रत्येकाने करावे.

निर्दोष सुटल्यानंतर

समजा, एकाला 2014 साली मारामारीच्या गुन्ह्यात अटक झाली आणि 2019 मध्ये तो निर्दोष सुटला. ठाण्याच्या संगणकात एफआयआर आणि अटक यांची नोंद आहे. निकालाची नोंद तिथे वेळेवर झालीच असेल असे नाही. 2025 मध्ये चारित्र्य पडताळणीचा अर्ज केला की ‘गुन्हा दाखल आहे’ असा शेरा येतो. भारतात अशी नोंद पुसून टाकण्याची सर्वसाधारण तरतूद नाही. संकेतस्थळावरून जुनी नावे काढण्याबाबत वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी वेगवेगळी भूमिका घेतली आहे. त्यामुळे सुटलेल्या माणसावरच आपले निर्दोषत्व पुन्हा पुन्हा दाखवण्याचे ओझे पडते. हे अन्यायाचे आहे. न्यायालयाचा निकाल पोलिसांच्या अभिलेखात आपोआप उतरवणे हे व्यवस्थेचेच काम असायला हवे.

तोवर सुटलेल्या प्रत्येकाने निकालपत्राच्या दोन प्रमाणित नकला काढाव्यात. एक घरी जपून ठेवावी. दुसरी अर्जासोबत मूळ पोलीस ठाण्यात द्यावी, गु.र.नं. आणि खटल्याचा क्रमांक लिहून अभिलेखात निकालाची नोंद घेण्याची विनंती करावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. पडताळणीचा शेरा पुन्हा चुकीचा आला तर हीच पोचपावती जोडून पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते.